रिपोर्टबँड डॉट गव्ह : हंसाच्या पिवळ्या बिल्ल्याची नोंद कशी होते आणि कुठे अडते

हिवाळ्यात कॅनडातल्या लेक ओंटारियोच्या काठी, विशेषतः बर्लिंग्टनच्या लासाल पार्कात, पंखावर ओळखीचे अंक-अक्षरं लिहिलेले पिवळे बिल्ले असलेले मोठे पांढरे हंस दिसतात. हे ट्रंपेटर हंस. ओंटारियोतला शेवटचा रानटी ट्रंपेटर १८८६ मध्ये लाँग पॉइंटला गोळीला बळी पडला. १९८२ मध्ये जीवशास्त्रज्ञ हॅरी लम्सडेन यांनी त्यांना परत आणायला सुरुवात केली. पुढे ते कुठे गेले, किती जगले, हे काठावर उभं राहून बिल्ले वाचणाऱ्या हौशी लोकांमुळेच कळत गेलं.

नोंद करायची अधिकृत जागा म्हणजे रिपोर्टबँड डॉट गव्ह. पक्ष्यांना घातलेल्या कड्यांची नोंद ठेवणारी अमेरिकेची सरकारी बर्ड बँडिंग लॅबोरेटरी ही वेबसाइट चालवते, पण कॅनडातल्या नोंदीही तिथेच घेतल्या जातात. पैसे लागत नाहीत. बिल्ल्याशिवाय हंसाच्या पायात धातूचं कडंही असतं; त्याचा क्रमांक हाती असेल तर काम झटपट होतं: क्रमांक, तारीख, नकाशावर जागा, पक्षी जिवंत की मेलेला, आणि तुमचा ईमेल. उत्तरादाखल प्रमाणपत्र येतं. पक्ष्याला कडं कधी, कुठे घातलं आणि तेव्हा त्याचं वय काय होतं, हे त्यावर असतं.

खरी अडचण अशी की पोहणाऱ्या हंसाचं कडं पाण्याखाली असतं. तो बर्फावर किंवा काठावर चढेपर्यंत थांबावं लागतं. अंक कड्याच्या भोवती गोल कोरलेले असतात: आधी तीन किंवा चार, मग पाच. एका फोटोत ते सगळे कधीच येत नाहीत. हंस पाऊल टाकत असताना सलग पंधरा-वीस फोटो काढा आणि घरी मोठे करून तुकडे जुळवा. एक जरी अंक अंदाजाने भरला तर नोंद दुसऱ्याच पक्ष्याच्या नावावर चढते. त्यापेक्षा ‘चौथा अंक दिसला नाही’ असं शेऱ्यात लिहिलेलं बरं.

बिल्ला लांबूनही वाचता येतो, पण ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि एस यांची गफलत तिथेच होते, कारण पिसं अक्षराची कड झाकतात. दोन्ही पंखांवर एकच खूण असते, म्हणून दोन्ही बाजू बघा. पिसं साफ करून झाली की हंस बहुतेक वेळा उभा राहून पंख फडफडवतो. तो एक क्षण कॅमेऱ्याने पकडला की शंका उरत नाही. फक्त बिल्ल्यावरून नोंद करताना रंग, अक्षरांचा रंग आणि जात, तिन्ही लिहा. ट्रंपेटरची चोच सगळी काळी असते. डोळ्यापुढे पिवळा ठिपका असेल तर तो बहुधा टुंड्रा हंस. चोच नारिंगी आणि मुळाशी काळी गाठ असेल तर म्यूट हंस.

जागा भरताना ‘लेक ओंटारियो’ एवढंच लिहू नका. तळं शेकडो किलोमीटर लांब आहे. खूण नेमक्या खाडीवर लावा. शेऱ्याच्या रकान्यात जोडीदाराचा बिल्ला आणि सोबतची करडी पिल्लं मोजून लिहा. पिल्लांवर बिल्ला नसला तरी त्या वर्षी वीण यशस्वी झाली हे त्यावरूनच कळतं. आणि ‘हाच मागच्या आठवड्यातही होता’ म्हणून नोंद टाळू नका. पक्षी मेला की नुसता कोणी पाहिला नाही, हे एरवी ठरवता येत नाही.

या सेवेची मोठी उणीव एकच. प्रमाणपत्र कडं घालण्यापुरतं बोलतं. मधल्या काळात इतरांनी तो हंस कुठे पाहिला ते त्यात नसतं. युरोपात गीज डॉट ओआरजीवर खूण भरली की त्या पक्ष्याच्या आधीच्या नोंदींची यादी समोर येते. मग माणूस पुढच्या रविवारी पुन्हा तळ्यावर जातो. इथे तो दुवा तुटतो, आणि स्वयंसेवकांवर चालणाऱ्या कामात हे महागात पडतं. स्वतःची वही ठेवा: तारीख, वेळ, बिल्ला, जोडीदार, पिल्लं.

मेलेला हंस सापडला तर उघड्या हाताने उचलू नका. बर्ड फ्लूचा धोका असतो. कड्याचे सर्व बाजूंनी फोटो घ्या आणि नोंदीत ‘मृत’ निवडा. शिशाचे छर्रे आणि गळाची शिशाची वजनं गिळून हे हंस मरतात, म्हणून जवळपास मासेमारी चालत असेल तर तेही लिहा.