लीचेस: ओपनिंग शिकायचं असेल तर आधी हे वापरून बघा

मुलांसाठी चेसचं महागडं सबस्क्रिप्शन घ्यायच्या विचारात असाल तर जरा थांबा, आधी लीचेस ही ऑनलाइन चेसची साइट नीट वापरून बघा. सगळं फुकट, एकही जाहिरात नाही, देणग्यांवर चालतं आणि तरी इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम), डेटाबेस (खेळलेल्या डावांचा साठा), काहीच लॉक करून ठेवलेलं नाही.

मला सगळ्यात आवडतो तो ओपनिंग एक्सप्लोरर, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची (ओपनिंगची) आकडेवारी दाखवणारं टूल. आनंद-टोपालोव २०१० च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचा सोफियातला १२ वा डाव लावून बघा. स्कोअर साडेपाच-साडेपाच, शेवटचा क्लासिकल डाव, आनंदकडे काळी मोहरी, आणि पठ्ठ्या खेळला काय तर क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड या ओपनिंगमधला जुना प्रकार, लास्कर व्हेरिएशन! सातव्या चालीला घोडा थेट ई४ या घरावर. त्या चालीच्या आधीच्या पोझिशनला आलात की शेजारी बी६ ही प्याद्याची दुसरी चाल पण दिसते, मास्टर लोकांनी कुठली चाल किती वेळा खेळली, पांढरा किती जिंकला, बरोबरी किती, सगळं एका पट्टीवर. पुढे दोघांचा एकेक उंट आणि एकेक घोडा मारामारीत जातो आणि काळ्याची गर्दी कमी होते, हे चाली पुढेमागे करून बघितलं की लगेच डोक्यात बसतं.

दुसरं म्हणजे स्टडी, म्हणजे डाव साठवून त्यावर अभ्यास करायची जागा. डाव त्यात टाकायचा, पुढच्या चाली लपवायच्या आणि ३१ व्या चालीवर थांबायचं. टोपालोवने एफ५ चं प्यादं मारलंय, आनंदने ई४ ढकललंय. आता मुलांना विचारा, पांढऱ्याने हे प्यादं घ्यावं का? टोपालोवने घेतलं आणि तिथेच डाव गेला, कारण ए८ च्या कोपऱ्यात बसलेल्या उंटाची अख्खी तिरकी लाइन मोकळी झाली, वजीर शह देत ई४ वर आला, राजाला एच३ वर पळावं लागलं आणि ५६ चालींत आनंदने डाव पण जिंकला आणि टायटल पण राखलं. अजूनही बघताना अंगावर काटा येतो.

कमी एवढीच की इंजिन नुसता आकडा आणि चाली दाखवतं, का ते सांगत नाही. म्हणून नवशिक्यांनी आधी इंजिन बंद ठेवूनच डाव बघा, आणि शक्यतो लॅपटॉपवर, मोबाइलवर बोर्ड आणि एक्सप्लोरर एकत्र बघायला दाटी होते. स्टडी प्रायव्हेट ठेवून क्लासच्या सरांना त्यात अ‍ॅड पण करता येतं, त्यांनी काढलेले बाण तुम्हाला दिसतात. माझ्याकडून पाचपैकी पाच.