गावच्या कहव्यासाठी दल्ला: पितळी घ्यावा की थर्मासचा?

ओमानच्या अंतर्भागात, निझवा-बहलाकडच्या गावांत, शेजारणी एकमेकींकडे कहव्याला, म्हणजे वेलची घातलेल्या कॉफीला, जातात. कोण कुणाकडे येतं, किती वेळ बसतं, यावरून घराचा मान कळतो. बाळंतिणीला भेटायला किंवा दुःखाच्या घरी कुणी गेलं नाही, तर ते पुढे बराच काळ लक्षात राहतं. अशा बैठकीसाठी दल्ला, म्हणजे कहव्याची चोचीची किटली, घेताना ती ओतते कशी हे आधी बघावं.

पितळी दल्ला देखणा, यात वाद नाही. पण आतली कल्हई उडाली की तो वापरू नये, आणि आचेवरून उतरवला की कहवा लवकर निवतो. मग यजमानीण पाहुण्यांत बसायची सोडून सारखी आत-बाहेर करते. आलेल्या बाईला तर तिचीच सोबत हवी असते! म्हणून रोजच्यासाठी दल्ल्याच्या घाटाचा स्टीलचा थर्मासच घ्या.

दुकानात पाणी भरून बघा. फिंजानात, म्हणजे बिनकानाच्या छोट्या कपात, जेमतेम तिसरा हिस्सा कहवा ओततात. काठोकाठ भरला तर ‘प्या आणि निघा’ असा अर्थ होतो. त्यामुळे धार बारीक हवी आणि मनगट सरळ करताच तुटायला हवी. दल्ला डाव्या हातात असतो, फिंजान उजव्याने देतात, तेव्हा मूठही डाव्या हातानेच तोलून पाहा. एक लिटरचा पुरतो: दर वेळी 25 मिलि ओतलं तर 40 फिंजान, म्हणजे बारा जणींना तीन-तीन. पुरे झालं की पाहुणी फिंजान हलवते. तोवर ओतत राहायचं.

लिटरभर पाण्यात तीन मोठे चमचे फिकट भाजलेली, जाडसर कॉफी 10-15 मिनिटं मंद उकळा. उतरवून चमचाभर ठेचलेली वेलची घाला, पाच मिनिटं गाळ बसू द्या आणि वरचं निवळ तेवढंच थर्मासात घ्या. गाळ गेला तर तोटी तुंबते, कहवाही कडू होत जातो. पितळी दल्ल्याच्या चोचीत खजुरीच्या तंतूंचा बोळा असतो तो याचसाठी. थर्मासची रबरी चकती वेलचीचा वास धरते, ती रोज काढून धुवा.

फिंजान सहाही चालतात, पाण्याच्या वाडग्यात विसळून फिरवतात. खजूर आधी, कहवा मागून, आणि पहिला फिंजान वडीलधाऱ्या बाईला. सोनेरी मुलाम्याचे सेट मात्र टाळा. तारेच्या घासणीने मुलामा निघतो.