जुनी बुलेट, आधीचे चार मालक आणि टाकीखालची मोकळी वायर

बुलेट कशी चालते यावर मी लिहिणार नाही. ३४६ सीसी, चार गिअर, उजव्या पायाला गिअर नि डाव्या पायाला ब्रेक, एक वर तीन खाली, ॲमीटरचा काटा मध्यावर आणून डीकॉम्प्रेसर दाबायचा आणि मग किक, हे सगळं वाचणाऱ्यांना माहीत असणारच. सत्तरच्या दशकातली स्टँडर्ड ३५० घेऊन बरेच महिने झाले. एवढ्या काळात कंपनीने काय बनवलं होतं याचा अनुभव मला थोडाच आला. आधीच्या मालकांनी तिचं काय करून ठेवलंय, याचाच जास्त आला.

आरसी बुकात माझ्याआधी चार नावं आहेत आणि चौघांनीही गाडीवर हात साफ करून घेतलाय. कोणी काय केलं हे कागदावर कुठेच नाही, पण वायरिंग बघितलं की हात ओळखू येतात. एकाची पद्धत म्हणजे दोन वायरी पिळायच्या, वरून टेप गुंडाळायची, झालं काम. टेप उन्हाने चिकट होऊन बोटांना लागते. दुसरा मात्र जोड डाग देऊन पक्का करतो, वर स्लीव्ह चढवतो आणि वायर फ्रेमला बांधताना हँडल वळायला पुरेशी ढील ठेवतो. तिसऱ्याकडे वेल्डिंग मशीन होतं, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येईल. चौथ्याने बहुधा फक्त रंग मारला. तोही नटबोल्टांसकट.

ॲमीटर, म्हणजे बॅटरीत करंट येतोय की जातोय ते दाखवणारा काटा, उलटा जोडलेला होता, चार्जिंग होताना काटा डावीकडे जायचा. हे टेपवाल्याचं काम. दोन वायरी अदलाबदल केल्या, विषय संपला. पाने मात्र दोन्ही प्रकारचे जवळ ठेवावे लागतात, कारण मूळचे इंची बोल्ट जिथे जिथे हरवले तिथे कोणीतरी एमएमचे ठोकून बसवलेत. टॅपेट कव्हरचा बोल्ट तर असा बसवलाय की आता सोडवायची माझी छाती नाही.

इंजिनाच्या ब्रीदरची नळी टूलबॉक्समागे एका प्लॅस्टिकच्या बाटलीत सोडलेली आहे. खोकल्याच्या औषधाची असावी, मापाच्या रेघा अजून दिसतात. हे प्रथम पाहिलं तेव्हा हसू आलं. एकच मोठा पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते, आणि त्या हवेबरोबर ऑइलही येतं. कंपनीची नळी ते मागच्या चेनच्या बाजूला सोडते, म्हणजे चेनला, चाकाला आणि पँटला. बाटलीमुळे पँट वाचते, शिवाय इंजिन किती ऑइल बाहेर टाकतंय ते रेघांवर मोजता येतं. पावसाळ्यात त्यात पाण्याची वाफ मिसळून पांढरट साय जमते. पहिल्यांदा ती बघून धसका बसतो, पण घाबरायचं कारण नाही. बाटली ठेवली आहे.

गाडी मुळात ६ व्होल्टची. ती १२ वर नेली तो निर्णय मला पटतो, कारण तेवढ्याच वॅटला निम्मा करंट लागतो आणि जुन्या वायरिंगवरचा ताण कमी होतो. पण हॉर्न ६ चाच राहिलाय. आवाज असा की म्हैससुद्धा वळून बघते, फक्त बटण क्षणभरच दाबायचं, नाहीतर हॉर्न जळेल. प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी इग्निशन कॉइलही ६ ची, पण तिच्या वाटेत पांढऱ्या चिनी मातीचा एक रेझिस्टन्स बसवलाय, स्लीव्हसकट. तो एवढा तापतो की बोट टेकवत नाही. एका गॅरेजमध्ये मला सांगण्यात आलं, की हा तापतोय म्हणजे बिघडलाय, काढून टाका. काढला असता तर कॉइलमध्ये दुप्पट करंट गेला असता आणि कॉइल नि पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी पट्टी) दोन्ही शेकले असते. तापणं हेच त्याचं काम आहे.

आता मुख्य विषय, टाकीखालची वायर.

टाकी पहिल्यांदा उतरवली तेव्हा वरच्या फ्रेमच्या नळीवर, कॉइलच्या शेजारी, अंगठ्याएवढा ॲल्युमिनियमचा डबा क्लँपने आवळलेला दिसला. त्यातून एकच वायर निघते. टोकाला नीट दाबून बसवलेला बुलेट कनेक्टर (बंदुकीच्या गोळीसारखी पिन), त्यावर रबरी टोपी, आणि तो कनेक्टर कशालाच जोडलेला नाही. कॉइलच्या टर्मिनलवर त्याच मापाचं एक रिकामं सॉकेट. म्हणजे जोडायची सोय आहे, पण जोडलेलं नाही. या वायरीने माझं डोकं इतकं खाल्लं की मायलेज, ब्रेक, सीट यांकडे मी लक्षच दिलं नाही. विचारलं त्या प्रत्येकाचं वेगळं मत. कोणी म्हणालं रेडिओतली खरखर घालवायचा डबा, एखाद्या जुन्या कारमधून काढलेला. कोणी म्हणालं चोरी टाळायची युक्ती. गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं, "कचरा आहे, काढा."

काढला नाही, कारण काम स्लीव्हवाल्याच्या हातचं होतं. आणखी एक गोष्ट खटकत होती. क्लँपखालचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं होतं आणि त्यावर ग्रीसचं बोट फिरवलं होतं. बिनकामाचा डबा अडकवायला रंग कोण खरवडतो?

उत्तर मिळालं ताम्हिणी घाटात. चढ संपता संपता गाडी मिसिंग करायला लागली, सायलेन्सरमधून फटाके फुटले आणि बंद पडली. थंड झाल्यावर सुरू व्हायची, थोडं अंतर जाऊन पुन्हा तेच. पॉइंटच्या डब्याचं झाकण काढून किक मारली तर पॉइंटच्या फटीत जाड निळीपांढरी ठिणगी. पॉइंट उघडतात तेव्हा तिथला करंट कंडेन्सरने झेलायचा असतो. त्याने तो झेलला नाही की ठिणगी पॉइंटवरच उडते आणि प्लगच्या वाट्याला नुसती कुरकुर येते. कंडेन्सर गेला, हे नक्की झालं. आणि टाकीखाली काय आहे तेही तिथेच लख्ख कळलं. एक वायर आत, दुसरं टोक म्हणजे डब्याचं अंग, ते फ्रेमला अर्थिंग व्हावं म्हणून खरवडलेला रंग. तो जादा कंडेन्सर होता, आधीच बसवून ठेवलेला.

टाकीचा मागचा बोल्ट ढिला करून टाकी थोडी उचलली, टोपी काढली, कनेक्टर सॉकेटमध्ये सरकवला. दुसऱ्या किकला सुरू. कोणी हे करून ठेवणार असेल तर एक लक्षात ठेवा. जुना कंडेन्सर आतून तुटला असेल तरच नुसतं जोडून भागतं. तो शॉर्ट झाला असेल तर आधी त्याची वायर सोडवावी लागते, नाहीतर प्लगला करंट येणारच नाही. कंपनीने तो पॉइंटच्या डब्यात इंजिनाच्या उष्णतेत ठेवलाय. टाकीखाली वारा लागतो, त्यामुळे मी आता बाहेरचाच कायम केलाय आणि नवा एक आणून त्याच्या शेजारी मोकळ्या वायरीसकट आवळलाय. रंग खरवडून, ग्रीस लावून. किंमत अगदीच किरकोळ. गॅरेजवाला याच दुखण्यावर आख्खं इलेक्ट्रॉनिक किट विकायला बसला होता.

गाडी घेतली तेव्हा सगळं उपटून ती कारखान्यातून निघाली तशी करायची, असा बेत होता. आता फक्त टेपवाल्याचं काम उपटतोय, स्लीव्हवाल्याच्या जोडांना हात लावत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी, नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० आणि वर रोजच्या वापराला बंदी. मला ती भाजी आणायलाही न्यायची असते. साधी नोंदणी आणि हरित कर परवडला.

राहता राहिला वेल्डिंगवाला. त्याने ब्रेकच्या पायपट्टीवर तळहाताएवढी लोखंडी पट्टी डकवलीय, बाहेरच्या बाजूला कललेली. पाय अधू असेल, गमबूट घालत असेल किंवा शेतात चिखलाच्या पायाने ब्रेक घसरत असेल, एवढेच तर्क सुचतात. पट्टीवर छिन्नीने आडव्या खाचाही मारल्यात, त्यामुळे चिखलाचा तर्क मला जवळचा वाटतो. कोणाच्या गाडीवर असं काही असेल तर सांगा. तोवर ती गंजू नये म्हणून प्रायमर मारून ठेवलाय.