एकट्याचं खुर्ची-लपण: हिवाळा आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. खुर्चीलाच कापडाचं टप जोडलेलं, आत लपून बसायचं हे एकट्यासाठीचं लपण शिकारी पक्ष्यांच्या फोटोंसाठी कामाचं आहे, पण जाहिरातीत दाखवतात त्या कारणासाठी नाही. ते घेऊन पक्ष्याच्या जवळ जाता येत नाही. पक्षी जिथे येणार आहे तिथे त्याच्या आधी जाऊन बसता येतं, इतकंच. ज्यांना चालत फिरून फोटो काढायला आवडतं, त्यांच्या घरी हे लपण माळ्यावर पडून राहील.

एवढी लांब लेन्स असताना लपण कशाला, असं वाटत असेल तर हिशेब करून बघा. फुल-फ्रेम कॅमेरा, 600 मिमी लेन्स आणि 40 मीटरवर बसलेली खरुची, म्हणजे केस्ट्रेल हा छोटा ससाणा. त्या अंतरावर चौकटीत 2.4 मीटर रुंद आणि 1.6 मीटर उंच जागा मावते. खरुची जेमतेम 33 सेंटिमीटरची, म्हणजे उंचीचा पाचवा भाग. क्रॉप केलं की पिसांचा पोत गेलाच. लेन्सची पोच वाढवणारा जोड, म्हणजे टेलिकन्व्हर्टर, 1.4 पटीचा असेल तर एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश खातो, 2 पटीचा दोन स्टॉप. आणि ऊन चढल्यावर जमिनीलगतची हवा थरथरायला लागली की कितीही महाग काच असू दे, डोळ्याची कड धारदार येत नाही. हेच अंतर 20 मीटरवर आणलं की पक्षी दुप्पट मोठा दिसतो आणि मधली तापलेली हवाही निम्मी होते. उघड्यावर चालत गेलं तर ते 20 मीटर सहसा मिळत नाहीत. आधी पक्षी ताठ होतो, मग डोकं वर-खाली करून तुमचं अंतर जोखतो, आणि आपण ट्रायपॉड टेकवेपर्यंत पुढच्या खांबावर गेलेला असतो.

समोरच्या पक्ष्याची नजर काय आहे हे नीट समजल्यावर मी लपण वापरायची पद्धतच बदलली. मोठ्या गरुडांना माणसाच्या दुपटीहून जास्त बारकावे दिसतात. दिवसा शिकार करणाऱ्या बहुतेक पक्ष्यांच्या प्रत्येक डोळ्यात तीक्ष्ण नजरेच्या दोन जागा असतात, एक बाजूला बघायला आणि एक समोर. बहिरी ससाण्याला सेकंदाला 129 वेळा लुकलुकणारा उजेडही वेगवेगळा कळतो, असं 2020 मध्ये मोजलं गेलं. आपल्याला 50-60 च्या पुढे तो अखंड वाटतो. तेव्हा आपल्याला न जाणवणारा हाताचा झटका किंवा वाऱ्यावर फडफडणारी कापडाची कड त्याच्या नजरेतून सुटत असेल, असं धरून चालू नये.

या लपणाच्या कापडावर पानाफांद्यांची छापील नक्षी आहे आणि तिचं कौतुक माहितीपत्रकात पानभर केलंय. माझ्या मते त्या नक्षीने काडीचाही फरक पडत नाही. ऐन हिवाळ्यात, पिवळ्या पडलेल्या गवतात हा हिरवागार डोंगर मला लांबूनही दिसत होता, पक्ष्याला दिसणार नाही कसा? तरी खरुची येऊन बसली. न हलणारी, माणसाचा आकार नसलेली, रोज तिथेच असलेली वस्तू तिला चालते. अतिनील किरण न परावर्तित करणाऱ्या कापडासाठी जादा पैसे मागतात, तेही मी दिले नसते. खरुची उंदरांच्या मुताच्या खुणा अतिनील प्रकाशात बघून शिकार शोधते, ही कल्पना 1995 मध्ये गाजली होती. 2013 मध्ये शिकारी पक्ष्यांचे डोळे तपासले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतच बराचसा अतिनील प्रकाश अडतो असं दिसलं आणि त्या कल्पनेचा पाया डळमळला.

खरं काम आतल्या अंधाराचं आहे. मागची खिडकी उघडी राहिली की बसलेल्या माणसाची सावली समोरच्या जाळीतून स्पष्ट दिसते. ती खिडकी मी कायमची शिवून टाकली. आत बसताना गडद कपडे, हातमोजे आणि तोंडावर पातळ कापड हवंच, कारण जाळीआड हलणारा उघडा चेहरा सगळ्यात आधी नजरेत भरतो. लेन्सला हूड लावायचा, तोही बाहेर जितका कमी येईल तितकं बरं.

आता तक्रारी. पहिली वेल्क्रोची. खिडक्यांच्या झडपा वेल्क्रोने लावल्यात आणि पहाटेच्या शांततेत त्या उघडताना जो आवाज होतो, त्याने फक्त खरुचीच नाही, टिटवीपासून सगळं रान उठतं. वेल्क्रो काढून बटणं लावली. दुसरी तक्रार सैल कापडाची. सोबतच्या चार खुंट्या मध्यम वाऱ्यातही पुरत नाहीत, छप्पर ढोलासारखं वाजतं. जादा दोर बांधून कापड ताणून घेतलं की हा प्रश्न सुटतो, पण दोर वेगळे घ्यावे लागले. तिसरी, थंडीत आतून दव धरतं. श्वासाची वाफ कापडावर जमते आणि थेंब नेमके व्ह्यूफाइंडरवर पडतात. वरच्या कोपऱ्यातली छोटी झडप उघडी ठेवल्यावर कमी झालं, थांबलं नाही. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर आत बसवत नाही, पण तोवर फोटोसाठीचा मऊ प्रकाशही गेलेला असतो, त्यामुळे ती तक्रार धरत नाही. खुर्ची मात्र छान आहे, कुरकुरत नाही. या प्रकारात हे दुर्मीळ आहे.

जागा निवडणं हा निम्म्याहून जास्त भाग, आणि त्याबद्दल माहितीपत्रकात एक ओळ नाही. ज्या खांबाखाली किंवा वाळक्या फांदीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ आणि पक्ष्याने ओकून टाकलेल्या केस-हाडांच्या गोळ्या सापडतात, ती रोजची बैठक. गोळ्या ताज्या असतील तर उत्तम. मग वारा बघायचा. शिकारी पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात, उडतातही वाऱ्याकडेच आणि खरुची हवेत एका जागी फडफडत राहते तीही वाऱ्याकडे तोंड करून. म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही माझ्या पाठीशी असतील अशी सकाळ मी निवडते. वारा उलटा असेल तर शेपटीचे फोटो मिळतात. अशा दिवशी मी लपण उघडतच नाही.

शक्य असेल तिथे लपण आधी लांब ठेवून हळूहळू पुढे आणायचं. ते रात्रभर सोडणं शक्य नसेल तर अंधारातच आत जाऊन बसायचं. उजाडल्यावर जावं लागलं तर दोघांनी जायचं आणि एकाने उघडपणे निघून जायचं, म्हणजे लपण रिकामं झालं असं पक्ष्याला वाटतं. खरुची आणि कापशी घार यांच्यावर ही जुनी युक्ती चालताना मी पाहिली आहे. कावळ्यांवर चालत नाही. आणि कावळ्याला तुम्ही आत आहात हे कळलं की तो गप्प बसत नाही, मग ती सकाळ गेली.

पक्षी बसल्यावर लगेच शटर दाबायचं नाही, ही शिस्त अंगवळणी पडायला वेळ लागतो. त्याला अंग झटकू द्या, एक पाय पोटात घेऊ द्या, पिसं साफ करायला लागू द्या. मग शांतपणे काढा. मूक इलेक्ट्रॉनिक शटर बसलेल्या पक्ष्यासाठी वरदान आहे, उडणाऱ्यासाठी मात्र बऱ्याच कॅमेऱ्यांत पंख वाकडे येतात. उडायची वेळ आधी कळते: पिसं अंगाला चिकटतात, अंग पुढे झुकतं, बहुतेकदा तो शिटतो. त्या क्षणी सेकंदाच्या 1/2500 चा शटरवेग तयार हवा.

घारीसाठी या लपणाची गरज नाही, ती माणसांच्या डोक्यावरच असते. दलदली भोवत्या बोरूच्या काठावरून खालून उडत येतो, त्याच्यासाठी हे उत्तम, कारण खुर्चीची नजर त्याच्या पातळीवर राहते. उंच खांबावरचा पक्षी मात्र इथून पोटाकडूनच दिसतो. मोठ्या गरुडांबाबत माझा अनुभव निराशेचा आहे. ते लांबूनच, वरून घिरट्या घालत लपण बघून घेतात आणि या टपाला छतातून बघायची सोय नसल्याने ते डोक्यावर आहेत हे मला कळतही नाही. जिथे रस्ता बैठकीपाशी जातो तिथे तर गाडीच सरस. इंजिन बंद, खिडकीवर बीनबॅग, दार उघडायचं नाही.

घरट्यापाशी हे लपण लावायचा विचार असेल तर कृपया घेऊ नका. पक्षी अंडी सोडून उठला की ती थंड पडतात, आणि आपली पायवाट कावळ्यांना घरटं दाखवते. बऱ्याच देशांत परवान्याशिवाय हे बेकायदाही आहे. लपणाची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी 1900 च्या सुमारास पेंढा भरलेल्या बैलाच्या पोटात बसून फोटो काढले होते. त्या काळात घरट्यावर बसणं हीच रीत होती. 1937 मध्ये पक्ष्यांचे छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांचा डावा डोळा अशाच घरट्याजवळच्या घुबडाच्या हल्ल्यात गेला. आता 600 मिमी हाताशी असताना बैठकीचे फोटो पुरेसे आहेत.

टिकाऊपणाचं म्हणाल तर काठ्या शाबूत आहेत, कापड उन्हाने फिकं पडलंय, आणि त्याने ते आधीपेक्षा बरं दिसायला लागलंय. पुढच्या मोसमाआधी मुख्य दाराची चेन बदलून मोठ्या दातांची घालणार आहे. तिला मेण लावून झालं, साबण लावून झाला, तरी अर्ध्यावर अडकतेच.