हरिश्चंद्रगडाच्या ढगात फोन आणि ईट्रेक्स: दोन्ही वापरून काय वाटलं

गेली तीन वर्षं ट्रेकला मी दोन गोष्टी नेतोय, फोनमध्ये ओस्मअँड हे नकाशाचं अॅप आणि सॅकच्या पट्ट्याला गार्मिनचं ईट्रेक्स २२एक्स हे हातात मावणारं जीपीएस यंत्र, आणि "अरे फोन असताना वेगळं यंत्र कशाला" असं इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच सविस्तर लिहितो.

आधी फोनचं. बऱ्याच जणांना अजून वाटतं की रेंज गेली की जीपीएस गेलं. तसं नाहीये. जीपीएस थेट उपग्रहांकडून येतं, रेंज लागते ती नकाशा उतरवायला, म्हणून महाराष्ट्राचा नकाशा घरीच वायफायवर उतरवून घ्यायचा आणि गाडीतून उतरलं की फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, लोकेशन चालूच राहतं आणि रेंज शोधण्यात जी बॅटरी जाते ती वाचते. ओस्मअँडमध्ये पायवाटा बऱ्यापैकी दिसतात, कारण खालचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, तो लोकांनीच भरलेला आहे. कॉंटूरच्या रेषांना, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना, मात्र पैसे पडतात. ते भरा, सह्याद्रीत त्याशिवाय अर्थ नाही, रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा आहे हे धुक्यात फक्त त्यावरूनच कळतं.

आता यंत्र का नेतो ते. जुलैत खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडला निघालो होतो. तोलारखिंड झाली, रेलिंगचा कातळ चढून वर आलो, आणि तिथून मंदिरापर्यंत टेकड्यांचा जो चढ-उतार आहे तिथे ढग असा उतरला की पुढच्याची सॅक दिसेना. त्या पठारावर ढोरवाटा चिक्कार, आणि त्या मळलेल्या इतक्या की हीच मुख्य वाट असं खात्रीने वाटतं. फोन काढला तर स्क्रीनवर थेंब पडून नकाशा आपोआप सरकतोय, बोटं ओली म्हणून टच घेत नाही, पुसायला कोरडं काही नाही. ईट्रेक्सला बटणं आहेत आणि अंगठ्याने हलवायची छोटी दांडी, ओल्या हाताने सगळं चालतं. बघितलं तर आम्ही ट्रॅकपासून, म्हणजे यंत्रात टाकलेल्या वाटेच्या रेघेपासून, साठेक मीटर डावीकडे सरकलो होतो. मागे फिरलो, दहा मिनिटांत दगडावरचा बाण सापडला. त्या दिवसापासून माझ्यासाठी हा विषय संपला.

सेल साधे पेन्सिल सेल, दोन लागतात. कंपनी २५ तास म्हणते, माझे दोन दिवसांचे ट्रेक एका जोडीत आरामात होतात. चार्जिंगवाले सेल टाकलेत तर सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार बदला, नाहीतर किती चार्ज उरलाय ते चुकीचं दाखवतं. स्क्रीन २.२ इंचाचीच आहे, घरी बसून रूट आखायला निरुपयोगी, ते काम मी फोनवरच करतो आणि जीपीएक्स फाइल, म्हणजे वाटेचे बिंदू साठवलेली फाइल, यंत्रात टाकतो. आणि २२एक्सला होकायंत्राचा सेन्सर नाही, चालत असाल तरच दिशा कळते. तो ३२एक्समध्ये आहे, हवेच्या दाबावरून उंची सांगणाऱ्या दाबमापकासकट. आज घेतलं असतं तर मी ३२एक्सच घेतलं असतं.

जीपीएक्सबद्दल कळकळीने सांगतो, कुणाचीही फाइल डोळे झाकून घेऊ नका. मला एकदा ग्रुपवरून मिळालेल्या फाइलमध्ये बिंदू इतके लांब लांब होते की मधली सरळ रेघ दरी ओलांडून गेली होती. घरी कॉंटूरवर ठेवून पाहिली म्हणून कळलं. आता मी जाताना स्वतःचा ट्रॅक चालू ठेवतोच आणि खिंड, पाण्याचं टाकं, फाटा इथे वेपॉइंट, म्हणजे जागेची खूण, टाकतो, परतीला तोच सगळ्यात भरवशाचा.

बेलपाड्यातून घळीने हरिश्चंद्रगडावर चढणाऱ्या नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी मात्र दोन्हीवर विसंबू नका. दोन्हीकडे कातळ, आकाशाची नुसती पट्टी दिसते, सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका या कड्यावरून त्या कड्यावर उड्या मारतो. तिथे बेलपाड्यातला माहितगार माणूस घ्या, त्याचे योग्य पैसे द्या.

अजून एक, परदेशातून कुणी सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र आणून देतो म्हणालं तर नको म्हणा, आपल्याकडे परवान्याशिवाय ते बाळगणं बेकायदेशीर आहे. ईट्रेक्सच्या या दोन मॉडेलना ती अडचण नाही, ती नुसता सिग्नल घेतात, पाठवत काही नाहीत.

महिन्यातून एखादा ट्रेक, तोही उन्हाळ्या-हिवाळ्यात, असेल तर फोन, कॉंटूर आणि एक पॉवर बँक भरपूर झालं. पावसाळ्यात जाणार असाल आणि पुढे चालून बाकीच्यांना नेणारे तुम्हीच असाल तर बटणांचं यंत्र घ्या.