मनगटाच्या टीएफसीसी (करंगळीच्या बाजूची कूर्चा) रिपेअरचा माझा अनुभव
करंगळीच्या बाजूला मनगट दुखायचं, दाराची मूठ फिरवली की कळ यायची आणि टक्‌ आवाज व्हायचा. एक्सरे क्लीन, कारण कूर्चा एक्सरेत दिसतच नाही. सर्जननी करंगळीकडच्या हाडाशेजारच्या खळग्यात अंगठ्याने दाबलं आणि मी ओरडलोच, मग एमआरआय झाला, पण एमआरआयमधूनही फाटलेलं कधीकधी सुटतं, खरं काय ते दुर्बीण आत गेल्यावरच कळतं असं त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं, हे मला फार आवडलं. या कूर्चेच्या कडेला रक्तपुरवठा असतो म्हणून तिथे टाके घातले तर भरून येतं, मधल्या भागाला तो नसतो, तिथे फक्त फाटका तुकडा साफ करतात. माझी कूर्चा कडेला फाटली होती म्हणून टाके. दुर्बीण दोन-तीन मिलिमीटरची, त्यामुळे व्रण अगदी बारीक.

ऑपरेशन झकास, नंतरचं मात्र जरा ढिसाळ. प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत येणार, तळहात वर-खाली फिरवताच येणार नाही हे कोणी आधी बोललंच नाही राव! शर्टाचं बटण लावायलाही दुसरं माणूस लागतं. साधारण सहा आठवडे हात असा अडकतो आणि पूर्ण ताकद यायला काही महिने जातात, फिजिओ टाळलात तर मनगट आखडतं. करंगळीजवळची एक नस टाक्यांच्या अगदी बाजूने जाते, तिथे मुंग्या आल्या तर लगेच दाखवा. सर्जनला पाच स्टार, डिस्चार्जच्या माहितीला दोनच.