अंदमानसाठी पॉपर की जिग?

अंदमानला गळाने मासेमारीला जाताना सामानात एकाच सेटची (गळकाठी, रीळ, आमिषे) जागा असेल, तर आधी मासा ठरवा.

पॉपर (ओढला की पृष्ठभागावर पाणी उडवणारे कृत्रिम आमिष) महाग, पण तरंगतो, त्यामुळे प्रवाळात क्वचितच अडकतो. जिग (तळाकडे बुडणारे धातूचे जड आमिष) स्वस्त, मात्र तळाला अडकून तुटतात, म्हणून १५० ते ३०० ग्रॅमचे जास्तीचे न्यावेत.

कष्ट पॉपरलाच जास्त: १०० ग्रॅमच्या वरचा पॉपर दिवसभर फेकून खांदे भरून येतात. शिवाय जायंट ट्रेव्हली हा मोठा, ताकदवान शिकारी मासा गळाला लागताच खडकाकडे धावतो, दोरी घासून तुटते. पीई ८ ची दोरी (पीई म्हणजे विणलेल्या दोरीच्या जाडीचा क्रमांक) आणि १३० पौंडांच्या वर ताण सोसणारा लीडर, म्हणजे आमिषाजवळचा जाड दोरीचा तुकडा, हवाच. गळ आमिषाला जोडणारी कडी, म्हणजे स्प्लिट रिंग, हलकी असेल तर उघडते. तिथे काटकसर नको. जिगला पीई ४-५ पुरते, पण पाण्याच्या प्रवाहाची ओढ जोराची असली की जिग तिरका जातो, तळ कळत नाही.

ट्रेव्हलीच हवा असेल तर पॉपर. पहिलीच खेप असेल, गोबरा-तांबोशीही चालणार असेल, तर जिग.